पद्मिनीत बसवलेलं मेकॅनिकल टेंपरेचर मीटर: आठ महिन्यांनंतर

बाबांची १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी आता मी चालवतो. गेल्या मे महिन्यात रात्री घरी परतताना तिचा टेंपरेचरचा काटा लाल खुणेला टेकायला लागला. गॅरेजवाल्यानं रेडिएटर खोलून रॉडिंग केलं, म्हणजे आतल्या नळ्या सळईनं साफ केल्या, मग थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला. काटा तसाच. बोनेट उघडावं तर ना वाफ, ना पाणी उकळल्याचा आवाज. खरं तापमान कळल्याशिवाय आणखी खर्च करायचा नाही असं ठरवलं आणि नाना पेठेतून साडेनऊशे रुपयांना हे मीटर आणलं.

याला वायर लागत नाही. पाण्यात बुडणाऱ्या टोकाला धातूची बंद कुपी असते, तिला बल्ब म्हणतात. बल्बमधला द्रव तापला की दाब वाढतो, तो बारीक तांब्याच्या नळीतून मीटरपर्यंत पोचतो आणि काटा फिरतो. बसवण्याआधी बल्ब उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरला. काटा १०० च्या जरा अलीकडे थांबला. परत करायलाच निघालो होतो, तेवढ्यात लक्षात आलं की पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. मीटर बरोबर होतं!

रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये, म्हणजे रबरी पाइपमध्ये, अ‍ॅडॅप्टर टाकून बल्ब बसवला. त्याच रात्री सिंहगड रोडला नवं मीटर ८४ दाखवत होतं आणि डॅशबोर्डवरचा काटा लालवर. गाडी बाजूला घेऊन हेडलाइट बंद केले, तर जुना काटा सरळ मध्यावर आला. पेट्रोलचा काटाही जागचा हलला. आमच्या मिस्त्रीकाकांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो, मग इंजिनाला कशाला हात लावता? मीटरची अर्थिंग बघा."

डॅशबोर्डवरचं जुनं मीटर बाहेर काढलं. मागच्या अर्थच्या (करंट गाडीच्या बॉडीत परत नेणाऱ्या) वायरीची लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, हिरवी पडली होती, स्क्रूखाली गंज. हेडलाइटबरोबर लागणाऱ्या मीटरमधल्या दिव्यांचा आणि काट्यांचा करंट याच एका स्क्रूतून बॉडीला जातो. तिथं अडथळा आला की दिवे लावताच काटे चुकतात. लग आणि पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू नवा लावला. तेव्हापासून दोन्ही मीटर जुळतात. रेडिएटरमध्ये काहीच दोष नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

तरी नवं मीटर काढलं नाही. ऑक्टोबरात चौघं बसून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढलो. दुसऱ्या गिअरवर ते ९६ पर्यंत गेलं आणि उतार लागल्यावर पाच मिनिटांत ८५ वर आलं. दाबाखाली पाणी उशिरा उकळतं, म्हणून रेडिएटरचं झाकण दाब धरत असेल आणि कुलंट (रेडिएटरमधलं पाणी) पुरेसं असेल तर ९६ ला घाबरायचं कारण नाही. आकडा समोर असल्यामुळे घाटात मन शांत राहतं, आणि माझ्या दृष्टीनं पैसे तिथंच वसूल झाले.

तक्रारीही आहेत. नळी कापता येत नाही, जास्तीची गुंडाळून बांधावी लागते, आणि ती मुडपली तर मीटर गेलं. पत्र्यातून नेताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेची रबरी रिंग) हवाच. तिसऱ्या महिन्यात अ‍ॅडॅप्टरच्या क्लॅम्पमधून पाणी झिरपलं, क्लॅम्प पुन्हा आवळावा लागला. आतला दिवा मंद आहे. गाडी सुरू केल्यावर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत काटा जेमतेम हलतो, कारण तोवर वरच्या होजमधून पाणी वाहतच नाही.

आणि एक धोका: पाणी गळून होज रिकामा झाला तर बल्ब हवेत राहतो आणि इंजिन तापत असतानाही मीटर कमीच दाखवतं. म्हणून दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मी झाकण उघडून पाण्याची पातळी बघतो.