सहा रविवारांचा बाप्तिस्मा-वर्ग : सात महिन्यांनंतरचा अभिप्राय

कोल्हापुरातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी चालविलेल्या सहा आठवड्यांच्या पूर्वतयारी वर्गास मी गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाबरोबर बसले होते आणि त्या गोष्टीला सात महिने उलटल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. उशीर मुद्दाम केला. नवे भांडे दुकानातून आणल्या दिवशी चकचकीत दिसतेच. ते कसे निघाले हे रोज चुलीवर चढल्यानंतर कळते. मंडळीचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि आपले शहर तसे लहान आहे.

माझी बाजू आधी सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्या मतांचे वजन ठरवता येईल. माझा बाप्तिस्मा मी तीन महिन्यांची असताना, आईच्या मांडीवर, कपाळावर पाणी शिंपडून झाला आणि सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देण्याचा विधी, होऊन मला प्रभुभोजनात भाग मिळू लागला. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले; त्यांनी सुरू केलेले काम पुढे प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्यामुळे येथील जुन्या ख्रिस्ती घराण्यांत बालबाप्तिस्म्याची हीच रीत चालत आली आहे. माझा मुलगाही त्याच रीतीने वाढला. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागल्यावर तो मित्रांबरोबर एका नव्या मंडळीत जाऊ लागला, जेथे मोठ्या माणसाला, त्याने स्वतः कबुली दिल्यानंतर, पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. "आई, तेव्हा तुम्ही माझ्यासाठी बोललात, आता मला स्वतः बोलायचं आहे," असे तो म्हणाला. मी वाद घातला नाही. फक्त वर्गाला मीही येऊन बसेन, एवढी अट घातली.

वर्ग दर रविवारी सायंकाळी पाच ते साडेसहा, पहिल्या मजल्यावरील सभागृहात असे. शुल्क नाही; साठ रुपयांची एक पुस्तिका तेवढी विकत घ्यावी लागते आणि ती सुबक असली तरी तिच्यातील मराठी अनुवादाच्या वासाने भरलेले आहे. आम्ही चौदा जण होतो. शिकविणारे सर निवृत्त शिक्षक होते, आणि फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ न करण्याची जी जुनी सवय असते ती त्यांच्यात अजून टिकून होती.

या वर्गातील सर्वांत चांगला तास पहिलाच ठरला. सरांनी पवित्र शास्त्र उघडण्यापूर्वी प्रत्येकाला विचारले की पाणी म्हटल्यावर तुम्हाला पहिल्यांदा काय आठवते. कोणी रंकाळ्याचा कट्टा म्हणाले, कोणी उन्हाळ्यातला टँकर म्हणाले, एकाने पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकल्याची आठवण सांगितली. सुतारवाड्यातील एक बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग ऑगस्ट 2019 म्हणाल्या. पुढे त्यांनी फारसे वर्णन केले नाही. त्या महापुरात भिंतीवर कुठपर्यंत पाणी होते ते हाताने दाखवले, इतकेच. आम्हा कोल्हापूरकरांना तेवढे पुरे होते. सरांनी मग नव्या करारातील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय काढला आणि बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताच्या मरणात बुडणे, त्याच्याबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनात चालण्यासाठी उठणे, हा पौलाचा विचार त्या हाताच्या उंचीवरून समजावून सांगितला. पेत्राच्या पहिल्या पत्रात बाप्तिस्म्याला नोहाच्या जलप्रलयाची उपमा दिली आहे, आणि तेथेच हा काही अंगाचा मळ धुण्याचा प्रकार नव्हे असेही स्पष्ट केले आहे, हे त्यांनी लक्षात आणून दिले. आपल्याकडे पाणी म्हटले की स्नान, सोवळे, पर्वकाळी नदीत बुडी आणि पापक्षालन हीच साखळी मनात चटकन उभी राहते, आणि जन्माने ख्रिस्ती असलेलेही बाप्तिस्म्याला नकळत त्याच साखळीत ओवतात. मी ओवत होते. बाप्तिस्मा हे आंघोळीपेक्षा दफनाच्या जवळचे आहे, ही गोष्ट इतक्या वर्षांच्या प्रवचनांतून मला कळली नव्हती. ती त्या बाईंच्या वर केलेल्या हाताने कळली.

शिंपडावे की बुडवावे या प्रश्नावर सर बऱ्यापैकी न्यायाने बोलले. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडविणे असा आहे हे त्यांनी सांगितले; पण 'दिदाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथात वाहते पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरे, थंड नसेल तर कोमट आणि तेवढेही नसेल तर मस्तकावर तीनदा ओतावे, अशी सवलत दिलेली आहे, हेही त्यांनी लपविले नाही. मात्र बालपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी तो पुन्हा घ्यावा का, या प्रश्नावर त्यांचे शिकवणे एकांगी झाले. 1525 मध्ये झुरिक येथे प्रौढांचा बाप्तिस्मा पुन्हा सुरू करणाऱ्यांची कहाणी, आणि त्यांच्यापैकी फेलिक्स मांझ यांना 1527 मध्ये त्याच शहरात नदीत बुडवून मारण्यात आले ही हकीकत, त्यांनी गहिवरून सांगितली, आणि ती सांगण्यासारखीच आहे. परंतु जगभरातील बहुतेक जुन्या मंडळ्या एकदा विधिपूर्वक झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत, आणि 1982 मध्ये लिमा येथे अनेक पंथांच्या प्रतिनिधींनी मान्य केलेल्या मसुद्यातही बाप्तिस्मा ही पुन्हा न करण्याची कृती मानली आहे, याचा उल्लेख झाला नाही. मी हात वर केला, तेव्हा "बाई, तुमचा बाप्तिस्मा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही," असे ते सौजन्याने म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले. सौजन्य होते, उत्तर नव्हते.

तिसरा आणि चौथा रविवार 'बाप्तिस्म्याने माणूस बदलतो का' या विषयाला दिलेला होता, आणि माझ्या मते या वर्गाची खरी किंमत या दोन तासांत आहे. पाण्यातून वर आलात की राग, व्यसन, मत्सर सारे वाहून जाईल, असे आश्वासन देणे सोपे असते, आणि तसे देणारेही मी ऐकले आहेत. सरांनी ते दिले नाही. नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाचा जादूगार विश्वास ठेवतो, बाप्तिस्माही घेतो आणि थोड्याच ओळींनंतर पवित्र आत्मा देण्याचे सामर्थ्य पैसे देऊन विकत मागतो; तर येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला बाप्तिस्मा घ्यायला वेळच मिळाला नाही आणि तरी त्याला सुखलोकाचे वचन मिळाले. ही दोन माणसे त्यांनी फळ्याच्या दोन टोकांना लिहिली आणि मधल्या मोकळ्या जागेत आपण सगळे उभे आहोत, असे म्हटले.

त्याच तासाला पंडिता रमाबाईंचा विषय निघाला. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे, लेक मनोरमासह झाला. मायदेशी परतून 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन काढले, विधवांसाठी एवढे मोठे काम उभे केले, आणि तरीही पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे ऐकून वर्ग शांत झाला. मग मागच्या रांगेतले एक काका, जे तरुणपणी तालमीत जात असत, ते म्हणाले, "माती अंगाला लावली म्हणून कोण पैलवान हुतंय व्हय, सर? पहाटंचं उठाय लागतंय." सर हसले, पण थांबून म्हणाले की तरी माती लावल्याशिवाय आखाड्यात कोणी उतरत नाही. प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीत बाप्तिस्म्याचा परिणाम तो दिला जातो त्या क्षणाशीच बांधलेला नाही असे एक वाक्य आहे. ते मी दृढीकरणाच्या वर्गात पाठ केले होते, पण त्याचा उपयोग काय, हे मला त्या संध्याकाळी दोघांच्या या देवाणघेवाणीतून कळले.

यावर माझी एक शंका मी पाचव्या रविवारी मांडली. तिसऱ्या शतकातील हिप्पोलितस याच्या नावावर असलेल्या मंडळीच्या नियमग्रंथात बाप्तिस्म्याच्या उमेदवाराने तीन वर्षे शिकावे असे सांगितले आहे, आणि शेवटी त्याची परीक्षा घेताना त्याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांची विचारपूस केली का, हे पाहावे असे म्हटले आहे. मग आपण सहा रविवारांत काय पाहणार? सरांनी प्रेषितांच्या कृत्यांतील, पौल ज्याच्या कैदेत होता त्या फिलिप्पै नगरातील तुरुंगाधिकाऱ्याचे उदाहरण दिले, ज्याचा बाप्तिस्मा त्याच रात्री झाला. उदाहरण बिनतोड आहे, हे मान्य करते. पण त्या तुरुंगाधिकाऱ्याने बाप्तिस्म्यापूर्वीच कैद्यांच्या जखमा धुतल्या होत्या, हेही त्याच ओळीत आहे.

आता तक्रारी. आमच्या वर्गात एक तरुण होता, ज्याच्या घरी जोतिबा कुलदैवत. चैत्र यात्रेला वडिलांबरोबर वाडी रत्नागिरीला जायचे की नाही, आणि घरी आलेला प्रसाद नाकारायचा तर आईला काय सांगायचे, हा त्याचा प्रश्न होता. त्याला मिळालेले उत्तर दोन वाक्यांचे होते आणि दोन्ही वाक्ये आज्ञार्थी होती. ज्या पौलाने करिंथकरांस लिहिताना मूर्तीला दाखविलेल्या नैवेद्याच्या प्रश्नावर जवळजवळ तीन अध्याय खर्च केले, दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागू नये म्हणून एवढी काळजी घेतली, त्याची पाने उघडण्याची याहून योग्य वेळ कोणती होती? नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय ओढवले हे मराठी वाचणाऱ्याला सांगायला नको. एका माणसाचे पाण्यात उतरणे सगळ्या घराला भिजवते, आणि सहा रविवारांपैकी एक तरी रविवार घराला द्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट अधिक व्यावहारिक. अनुसूचित जातीचा दर्जा 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला तो राहत नाही. ज्या संस्थानाने 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकरीतील निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या गावात बसून हा विषय वर्गाने आपणहून काढू नये, हे मला खटकले. एका मुलीने विचारले तेव्हा सरांनी खरे ते सांगितले, काही झाकले नाही. पण विचारावे लागले.

बाप्तिस्म्याचा दिवस व्यवस्थित पार पडला. सभागृहातील हौदात पाणी स्वच्छ होते, कपडे बदलण्यासाठी स्त्री-पुरुषांची वेगळी सोय होती, चहा गरम होता. चित्रीकरण करणाऱ्याने हौदाच्या इतके जवळ जाऊ नये, एवढीच सूचना. मुलगा पाण्यातून वर आला तेव्हा मी रडले, आणि माझ्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची मला पहिल्यांदाच जणू आठवण झाली, जी खरे तर मला असणे शक्य नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर संकटात सापडला की 'माझा बाप्तिस्मा झालेला आहे' असे स्वतःला बजावीत असे. तीन महिन्यांच्या बाळाच्या बाप्तिस्म्यालाही तो आधार तितकाच लागू पडतो, असे माझे मत या वर्गाने बदलले नाही. उलट पक्के केले.

सात महिन्यांत काय दिसले? मुलाचा तापट स्वभाव जागच्या जागी आहे. पण घराच्या वाटणीवरून चार वर्षे ज्या काकांशी तो बोलत नव्हता, त्यांच्याकडे तो दिवाळीत गेला आणि तासभर बसून आला; काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. वर्गातील तिघे उपासनेला यायचे थांबले आहेत. जोतिबाच्या प्रश्नाचा तो तरुण त्यांच्यापैकी एक आहे. चौदा जणांचा जो व्हॉट्सअ‍ॅप गट केला होता, त्यावर शुभ सकाळचे फुलांचे चित्र तेवढे रोज येते. म्हणून मी या वर्गाला अर्थ समजावण्यासाठी पाचपैकी साडेचार आणि नंतरच्या सोबतीसाठी पाचपैकी दोन तारे देते; ज्याला बाप्तिस्मा घ्यायचा आहे त्याने जावे, ज्याचा लहानपणी झाला आहे त्याने तर जरूर जावे, आणि ज्याच्या घरचे सगळे ख्रिस्ती नाहीत त्याने पहिल्याच दिवशी सरांना बाजूला घेऊन आपल्या घराची हकीकत सांगावी.

हे सारे मी पाळकसाहेबांना पत्राने कळविले होते. त्यांनी आठ दिवसांत उत्तर दिले, आणि आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जुन्या वर्गातल्यांची बैठक ठेवली आहे. पहिल्या बैठकीला पाच जण होते. सुतारवाड्याच्या त्या बाई घरून कांदाभजी करून घेऊन आल्या होत्या, आणि तालमीतले काका त्या तरुणाच्या घरी जाऊन येतो म्हणाले आहेत.