ब्रिज वापरून सात महिने: रक्कम पोचते, परवानगी मागे राहते

इथेरियम ही ब्लॉकचेन आणि तिच्यावर आधारलेले आर्बिट्रम हे जाळे यांच्यात युएसडीसीची (डॉलरशी बांधलेल्या डिजिटल नाण्याची) ने-आण करण्यासाठी मी गेले सात महिने एक त्रयस्थ ब्रिज, म्हणजे एका जाळ्यावरून दुसऱ्यावर रक्कम नेणारी सेवा, वापरते आहे. आर्बिट्रमच्या अधिकृत ब्रिजवरून इथेरियमवर परत येण्यास सुमारे सात दिवस लागतात, इथे तेच काम काही मिनिटांत होते. पहिले सहा महिने माझी काहीच तक्रार नव्हती.

गेल्या महिन्यात एक व्यवहार अकरा तास अडकला. पडद्यावर फक्त ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच दिसत होते. रक्कम अखेर मिळाली. पण ती शोधताना इथरस्कॅनवर (इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) जे आढळले, ते मला त्या विलंबापेक्षा कितीतरी गंभीर वाटते. पहिल्या दिवशी दोनशे युएसडीसी पाठवताना माझ्या वॉलेटमधून युएसडीसी काढून घेण्याची जी परवानगी मी ब्रिजला दिली, ती दोनशेपुरती नव्हती. ती अमर्याद होती आणि अजूनही चालू होती.

याचा अर्थ असा की, ब्रिजच्या स्मार्ट काँट्रॅक्टमध्ये (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उद्या चूक निघाली, तर मी काहीही न करता माझ्या वॉलेटमधले सर्व युएसडीसी काढून नेता येतील. सहीची किल्ली वेगळ्या उपकरणात ठेवणारे हार्डवेअर वॉलेटही इथे उपयोगाचे नाही, कारण सही आधीच झालेली असते. जानेवारी २०२४ मध्ये सॉकेट या ब्रिज सेवेच्या वापरकर्त्यांचे सुमारे ३३ लाख डॉलर आणि जुलै २०२४ मध्ये लायफाय या तशाच सेवेच्या वापरकर्त्यांचे १ कोटीहून अधिक डॉलर अशाच परवानग्यांतून गेले. ईथर (इथेरियमचे मूळ चलन) पाठवताना ही परवानगी लागत नसल्यामुळे अनेकांना ती ठाऊकच नसते.

अमर्याद परवानगीमुळे दर वेळच्या परवानगीचे गॅस शुल्क (व्यवहार नोंदवण्यासाठी जाळ्याला द्यावे लागणारे) वाचते, हे खरे आहे, आणि मी स्वतः पै-पैचा हिशेब ठेवणारी आहे. परंतु ती रद्द करायलाही इथेरियमवर गॅस मोजावा लागला, आणि तो भरताना मला मनापासून राग आला. परवानगीच्या चौकटीत आधीपासून अमर्याद आकडा भरून ठेवण्याऐवजी नेमकी रक्कम का भरत नाहीत?

त्या सात दिवसांविषयीचे माझे मतही बदलले. चुकीच्या नोंदीला आव्हान देता यावे म्हणून ती मुदत असते. जलद ब्रिजमध्ये दुसरा कोणीतरी शुल्क घेऊन स्वतःजवळची रक्कम आधी देतो, एवढेच. ईथरमधली मोठी रक्कम आता मी अधिकृत मार्गानेच परत आणते. युएसडीसीसाठी हाच ब्रिज ठेवला आहे, मात्र दर वेळी परवानगीतला तो अमर्याद आकडा खोडून नेमकी रक्कम लिहिते. पाचपैकी दोन गुण.