वरच्या मजल्यावर वाय-फाय: रिपीटर, मेश की सरळ केबल?

नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या रो-हाऊसमध्ये फायबरचा राऊटर बहुधा खाली हॉलमध्ये टीव्हीशेजारी असतो आणि मुलं वर अभ्यासाला बसतात. मधला स्लॅब 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल बराचसा गिळतो. 2.4 गिगाहर्ट्झचा वर पोचतो, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. शेजाऱ्यांचे राऊटरही त्यांवरच. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंतींचं तर विचारूच नका.

रिपीटर, म्हणजे राऊटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, सर्वांत स्वस्त. सॉकेटमध्ये खोचला की झालं. मात्र एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्यावरच पुढे पाठवायचं, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो रेंज मेलेल्या खोलीतच लावतात, खरं तर हवा अर्ध्या जिन्यात. सुरक्षेतही कच्चा. 2017 मध्ये डब्ल्यूपीए2 या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीतली क्रॅक (KRACK) नावाची त्रुटी उघड झाली, तेव्हा मुख्य धोका राऊटरला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना होता. रिपीटर हे तसलंच उपकरण. स्वस्त मॉडेलला दुरुस्तीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) मिळेलच असं नाही.

मेश, म्हणजे मिळून एकच नेटवर्क बनवणारे दोन-तीन डबे, महाग, पण भाड्याचं घर असेल, भिंतीला हात लावता येत नसेल तर तोच घ्या. नेटवर्कचं नाव एकच, अपडेट ॲपवरून, पाहुण्यांसाठी वेगळं (गेस्ट) नेटवर्क. बहुतेकदा कंपनीचं खातं मात्र उघडावं लागतं. बसवल्यावर जुन्या राऊटरचं वाय-फाय बंद करा.

घर स्वतःचं असेल तर मी केबलच निवडेन. कॅट 6 वायर जिन्यातून वर न्या. 100 मीटरपर्यंत गिगाबिट वेग मिळतो. वर कपाटात पडलेला जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट (वायरमधून आलेलं नेट वाय-फायवर देणारा डबा) म्हणून चालतो: त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं, आयपी पत्ता बदलायचा आणि वायर लॅन पोर्टला लावायची. पोर्ट 100 एमबीपीएसचे असतील तर 200 च्या प्लॅनचा अर्धा वेग वाया जाईल, हे आधी बघा. त्या राऊटरमध्ये डब्ल्यूपीए2-एईएस एवढी सुरक्षा सुद्धा नसेल तर तो भंगारातच द्या.

काहीही घेतलं तरी प्रत्येक डब्याचा ॲडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. डब्ल्यूपीए3 ही नवी सुरक्षा पद्धत असेल तर लावा; दारावरचा जुना कॅमेरा जोडला गेला नाही, तर डब्ल्यूपीए2/डब्ल्यूपीए3 मिश्र मोड ठेवा आणि कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर टाका.