पॅरिस आणि स्वित्झर्लंड एकत्र करणार असाल तर हे सिम बघा

ऑरेंज या फ्रेंच कंपनीचं 'हॉलिडे युरोप' हे पर्यटकांसाठीचं प्रीपेड सिम आम्ही पॅरिसला उतरल्यावर घेतलं आणि परत येईपर्यंत तेच वापरलं. सुमारे ४० युरो पडले. सासरे म्हणाले, "एवढ्याशा कार्डाचे एवढे?" पण मी पाकिटावरच्या देशांच्या यादीत फक्त स्वित्झर्लंड शोधत होते, आणि ते होतं.

हे नाव एवढं महत्त्वाचं का, ते सांगते. युरोपियन युनियनने १५ जून २०१७ पासून आपापसातलं रोमिंगचं जादा शुल्क बंद केलं. त्यामुळे फ्रान्सचं सिम इटलीत, जर्मनीत, ऑस्ट्रियात तसंच चालतं. नॉर्वे, आइसलँड, अगदी चिमुकलं लिख्टेनश्टाइनही या सोयीत आहे. स्वित्झर्लंड मात्र नाही, कारण तो देश युनियनमध्येही नाही आणि नॉर्वे वगैरे ज्या युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहेत, त्यातही नाही. आणि आपल्या लोकांची युरोप ट्रिप स्वित्झर्लंडशिवाय होते कुठे?

पॅरिसहून स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बाझेलला जाताना आमच्या डब्यात पुण्याचं एक कुटुंब होतं. त्यांनी एका छोट्या दुकानातून स्वस्तातलं सिम घेतलं होतं, 'पूर्ण युरोपात चालतं' असं ऐकून. बाझेल आलं आणि त्यांचं नेट बंद. पुढच्या हॉटेलचा पत्ता मेलमध्ये आणि मेल काही उघडेना. मी हॉटस्पॉट दिला, काकूंनी पत्ता कागदावर उतरवून घेतला. अशा वेळी विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. गिऱ्हाईक पुढे कुठे जाणार आहे, हे विचारायला कितीसा वेळ लागतो?

नेटची खरी गरज कळली ती स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेन ओस्ट या स्टेशनवर. तिथून लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डला एकच गाडी सुटते आणि वाटेत त्स्वाइल्युचिनेनला तिचे दोन भाग होतात. अर्धी गाडी एका दरीत, अर्धी दुसऱ्या. चुकीच्या डब्यात बसलात तर गेलात भलतीकडे. स्विस रेल्वेच्या ॲपमध्ये आपला भाग फलाटाच्या कोणत्या अक्षराखाली उभा राहणार, तेही दिसतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. बॅगा ओढत फलाटभर धावायचं नव्हतं, म्हणून आधीच योग्य जागी जाऊन उभे राहिलो. पुढे युंगफ्राउयोखला, ३४५४ मीटरवर, आईंनी सांगलीतल्या आपल्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावून समोरची हिमनदी दाखवली. मावशींचं "अगं, कानटोपी घाल!" आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं.

आपलं भारतातलं सिम काढून ठेवू नका. दोन सिमचा फोन असेल तर ते पहिल्या खाचेत राहू द्या, निघण्याआधी त्याच्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि त्याचा डेटा मात्र बंद ठेवा. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. कार्डाने तिकीट काढताना ओटीपी आला नाही तर सगळंच अडतं. त्या नंबरवर येणारा साधा कॉल मात्र उचलायचा नाही, रोमिंगमध्ये उचलण्याचेही पैसे लागतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की व्हॉट्सॲपवरच करा. नवीन सिम घातल्यावर व्हॉट्सॲप नंबर बदलायचा का असं विचारतं, तिथे 'नाही' म्हणायचं. जुना नंबर तसाच चालू राहतो.

चौघांत एकच सिम घेतलं, तरी नकाशे, तिकिटं आणि फोटो पाठवणं यांना डेटा पुरला. सिनेमे मात्र हॉटेलच्या वायफायवरच बघितले. तुम्ही नुसतं स्वित्झर्लंडच करणार असाल तर याची गरज नाही, झ्युरिकला उतरून तिथलंच सिम घ्या. पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली अशी माळ असेल तर हेच घ्या, आणि पैसे देण्याआधी यादी स्वतः वाचा, कारण कंपन्या योजना बदलत असतात.