लाडकी बहीण योजनेचे दीड हजार : काटोल तालुक्यातील मावशीचा अनुभव

माझी मावशी काटोल तालुक्यातील एका खेड्यात राहते. तिला स्वतःची जमीन नाही. हंगामात ती कापूस वेचायला आणि संत्र्याच्या तोडीला जाते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये तिला मिळतात, आणि तिचे बँकेचे काम नागपूरहून जाऊन मीच करत असल्यामुळे ही सेवा मी जवळून पाहिली आहे.

वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशा पात्रतेच्या अटी आहेत. पैसा कशावर खर्च करायचा याची मात्र अट नाही, आणि योजनेची सर्वांत मोलाची बाजू तीच आहे. मावशीने आधी किराण्याची उधारी फेडली. पुढच्या पावसाळ्यात मजुरी बंद असताना तिने प्रथमच कोणाकडून उचल, म्हणजे पुढच्या मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेतली नाही, त्यामुळे वेचणीला कोणाच्या शेतावर जायचे हे तिला स्वतः ठरवता आले आणि किलोमागचा दर आधी विचारता आला. सरकारी कागदावर ही गोष्ट कुठेच नोंदली जाणार नाही, पण दीड हजारांची खरी किंमत मला तिथे कळली.  

पैसे हातात पडेपर्यंतचा मार्ग मात्र सदोष आहे. पहिले हप्ते आम्हाला सापडेनात, कारण रक्कम आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते आणि ते मावशीचे विसरलेले जुने खाते निघाले. वेचणीने बोटे झिजल्यामुळे पैसे काढण्याच्या केंद्रातील यंत्रावर अंगठा उमटत नाही. एका केंद्रचालकाने तर प्रत्येक वेळी पन्नास रुपये कापून घेतले आणि पावती दिली नाही. आम्ही ते केंद्र सोडले. पावती मागावीच, आणि शक्य असेल तर एटीएम कार्ड काढून घ्यावे.

हप्त्याची तारीख निश्चित नसणे हा सर्वांत मोठा दोष आहे. रक्कम वाढवण्याआधी तारीख ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे; पैसे दहा तारखेला येणार हे पक्के असेल, तरच मावशी बचत गटाच्या कर्जाला निर्धास्तपणे होकार देऊ शकेल.