ऑफिसचा मेडिक्लेम संपल्यावर : निवृत्तांच्या आरोग्य विम्याचा काही महिन्यांचा अनुभव

नोकरी संपली की ऑफिसचा मेडिक्लेमही संपतो. फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शनचे कागद यांच्यामागे सगळे धावतात. विम्याचं मात्र "नंतर बघू" होतं. मी गेल्या वर्षी मे अखेर खासगी कंपनीतून निवृत्त झालो. तेव्हा घेतलेल्या पॉलिसीवर आता एक मोठा क्लेमही होऊन गेला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. विमा कंपनीचं नाव देत नाही. चार कंपन्यांची माहितीपत्रकं शेजारी ठेवून वाचली तर एकोणीस-वीसचाच फरक दिसतो. खरा फरक पडतो तो आपण त्यातून काय घेतो आणि कधी घेतो याने.

"कधी" आधी सांगतो, कारण निवृत्त माणसाच्या हातात विम्याच्या बाबतीत सर्वांत मोलाची गोष्ट असते ती सलगता. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम) पॉलिसीत जाता येतं. त्याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं नव्या पॉलिसीच्या वेटिंग पीरियडमध्ये, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायच्या मुदतीत, धरली जातात. दुसऱ्याच कंपनीकडे जायचं असेल, तर आधी असं मायग्रेशन करायचं आणि वर्षभरानंतर पोर्ट करायचं. कंपनी तब्येतीचे रिपोर्ट बघून निर्णय घेते, कधी नाहीही म्हणू शकते, म्हणून हा अर्ज नोकरी चालू असतानाच केलेला बरा. मी एचआरकडून एक पत्र आधीच घेऊन ठेवलं : कव्हर कोणत्या वर्षापासून आहे, किती रकमेचं आहे, त्यात कोणाकोणाची नावं आहेत आणि आजवर कोणते क्लेम झाले. निवृत्तीनंतर असं पत्र मिळवायचं म्हणजे ज्यांना आपण ओळखतही नाही अशा माणसांच्या मागे लागणं.

याने नेमकं काय साधतं? कोरी करकरीत पॉलिसी घेतली, तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, गुडघेबदल अशा ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या बीपी-शुगरसारख्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं. ही मर्यादा पूर्वी चार वर्षांची होती, एप्रिल २०२४ पासून आयआरडीएआय या विमा नियामकाने ती ३६ महिन्यांवर आणली. साठीत ही तीन वर्षं फार मोठी असतात. फक्त एक ध्यानात ठेवावं, सलगता जुन्या रकमेपुरतीच मिळते. ऑफिसचं कव्हर ३ लाखांचं होतं आणि आता ५ लाखांचं घेतलं, तर वरच्या २ लाखांसाठी वेटिंग नव्याने सुरू होतं.

आता प्रीमियम. एजंट पहिल्या वर्षाचा आकडा दाखवतात आणि आपण तेवढ्यावरच तुलना करत बसतो. पण स्वस्त पॉलिसी स्वस्त का आहे, हे विचारलंच पाहिजे. ज्येष्ठांसाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पॉलिसींत को-पे असतो. २० टक्के को-पे म्हणजे ३ लाखांच्या मंजूर बिलात ६०,००० आपल्या खिशातून, तेही ऐन आजारपणात. वर्षाला वाचलेले काही हजार त्यापुढे किती टिकतात, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. मी को-पे नसलेली पॉलिसी घेतली, हप्ता जास्त आहे, आणि मला हा निर्णय आजही योग्य वाटतो.

दुसरी मेख रूम रेंटची. ५ लाखांच्या पॉलिसीत एक टक्का मर्यादा असेल तर दिवसाला ५,००० ची खोली. आपण ८,००० ची घेतली, तर फरक रोजच्या ३,००० वर थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठाला पाच, असे कापले जातात. ४०,००० च्या सर्जन फीमागे २५,००० मंजूर होतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचा आकार यांना ही कात्री लावता येत नाही. पण उरलेलंच इतकं असतं की घरचे हबकतात. त्यामुळे "सिंगल प्रायव्हेट रूम" असं शब्दांत लिहिलेली पॉलिसी मला रुपयांतल्या मर्यादेपेक्षा बरी वाटते. रुपये तेच राहतात, खोल्यांचे दर वाढत जातात.

मोठ्या रकमेची एकच पॉलिसी झेपत नव्हती, म्हणून ५ लाखांची बेस आणि तिच्यावर सुपर टॉप-अप असं घेतलं. इथे टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गफलत करू नका. समजा ५ लाखांच्या वरचा खर्च देणारी पॉलिसी आहे आणि वर्षात दोनदा ४-४ लाखांची बिलं झाली. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, म्हणून एक पैसा देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचे ३ लाख देतो.

दिवाळीनंतर सौभाग्यवतींचं पित्ताशयाचं ऑपरेशन करावं लागलं. दोन वर्षं थांबायला लावणाऱ्या यादीतलाच आजार, पण ऑफिसची वर्षं धरली गेल्यामुळे कॅशलेस, म्हणजे कंपनीने हॉस्पिटलचं बिल परस्पर भरणं, मंजूर झालं. हॉस्पिटलातल्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्कवरच्या मुलीने आधार, ई-कार्ड, सोनोग्राफी आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. चिठ्ठीवर "त्रास कधीपासून" हे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यामुळे उलटटपाली प्रश्न आले नाहीत. नियमाप्रमाणे कॅशलेसचा पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. कंपनीच्या उशिराने हॉस्पिटलने जादा आकार लावला, तर तो कंपनीच्या माथी. आमची पहिली मंजुरी झटपट आली. डिस्चार्जच्या दिवशी मात्र हॉस्पिटलकडून बिल पुढे जायलाच दुपार झाली. तीन तास मोजायचे ते बिल गेल्यापासून, डॉक्टरांनी "घरी जा" म्हटल्यापासून नव्हे.

शेवटच्या कागदावर ग्लोव्हज, मास्क, अ‍ॅडमिशन किट, फाइलचे पैसे, सोबतच्या माणसाचं जेवण असं एकेक कापलेलं होतं. रकमा छोट्या, पण रांग लांब. कन्झ्युमेबल्सचा, म्हणजे अशा वापरून टाकायच्या वस्तूंचा, रायडर (जोडकव्हर) याचसाठी असतो आणि मला तो घेण्याजोगा वाटतो. घरी आल्यावरची औषधं आणि तपासण्याही पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीपर्यंत मिळतात, पण त्यांचा क्लेम आपणहून वेगळा करावा लागतो. पुष्कळ लोक तो करतच नाहीत. मेडिकलची पक्की बिलं आणि प्रिस्क्रिप्शन एकाच पाकिटात ठेवा.

हप्त्यावर थोडं. मी भरला तेव्हा १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसींवर तो शून्य झाला. ग्रुप पॉलिसींवर तो अजून आहे, तेव्हा बँकेतून कोणी "आमच्या खातेदारांसाठी खास ग्रुप विमा" म्हणालं तर हा हिशोब करा. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करायची, असं जानेवारी २०२५ पासून आहे. आयकरात ८०डी म्हणून ओळखली जाणारी, आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची ज्येष्ठांची ५०,००० पर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होणाऱ्यांचं गणित निराळं. माझे मेहुणे सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ ते ११ मधले. त्यांना सीजीएचएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेची, वर्गणी महिना ६५०, किंवा दहा वर्षांची एकदम, ७८,००० भरून आजन्म कार्ड. जवळपास सीजीएचएसचं आरोग्य केंद्र असेल तर खासगी पॉलिसी त्याच्या आसपासही येत नाही. आणि सत्तरी गाठल्यावर उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड सगळ्यांसाठी आहे : कुटुंबातल्या सत्तरी गाठलेल्यांना मिळून वर्षाला ५ लाख, जुन्या आजारांना वेटिंग नाही. ते फक्त योजनेतल्या हॉस्पिटलांत चालतं. खासगी पॉलिसी असली तरी काढता येतं, सीजीएचएसवाल्यांना मात्र दोन्हींतून एक निवडावं लागतं.

ऑपरेशननंतरच्या एका तपासणीचं बिल कंपनीने "असंबंधित" म्हणून नाकारलं होतं. सर्जनचं दोन ओळींचं पत्र जोडून ईमेल केल्यावर ते पैसे आले. आले नसते तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहायची आणि मग विमा लोकपालांकडे जायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही.