आधी डिझी की आधी हेड ओव्हर हील्स?

झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८०च्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती संगणकावरचे जुने कोड्यांचे खेळ खेळून बघायची हुक्की आली की माणूस याद्या शोधतो आणि पन्नास नावांत हरवतो. मी दोनच सांगेन: 'हेड ओव्हर हील्स' (१९८७) आणि 'फँटसी वर्ल्ड डिझी' (१९८९). दोन्ही ब्रिटिश, दोन्ही ४८ किलोबाइट मेमरीत बसवलेले. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तेवढ्या जागेत मावत नाही. निवडताना चित्रांकडे फार बघू नका. तुम्ही चुकलात की खेळ तुमच्याशी कसा वागतो, ते बघा. हे खेळ जीव लावतात किंवा डोक्यात जातात, ते त्यावरच.

डिझी म्हणजे हातात बॉक्सिंगचे लाल ग्लोव्हज घातलेलं अंडं. फिलिप आणि अँड्र्यू या ऑलिव्हर जुळ्या भावांनी ते जन्माला घातलं आणि कोडमास्टर्स कंपनीने स्वस्त कॅसेटींवर विकलं. करायचं काय, तर वस्तू उचलायची आणि योग्य जागी वापरायची. ड्रॅगन वाट अडवून बसलाय, त्याला झोपेचं औषध. मगरीच्या जबड्याला दोर. एका बीसाठी शेणखत शोधावं लागतं. जॅक आणि आभाळाला भिडणाऱ्या वेलाची गोष्ट लहानपणी ऐकली असेल तर पुढचं सांगायला नको. डेन्झिल, डोझी, ग्रँड डिझी असा अंड्यांचा गोतावळा भेटतो, गप्पांच्या चौकटी उघडतात, आणि शाळेतलं इंग्रजी येत असलं की भागतं.

हाच खेळ का, तर त्याआधीचा 'ट्रेझर आयलंड डिझी' चुकून हाती लागू नये म्हणून. त्यात जीव एकच. खिशात तीन वस्तू मावतात, आणि कोणती टाकायची ते तुमच्या हातात नसतं. पाळी येईल ती बाहेर पडते. पाण्याखाली काहीतरी उचलायला बटण दाबलंत आणि पाळी नेमकी स्नॉर्केलची (पाण्याखाली श्वास घ्यायच्या नळीची) असली तर अंडं बुडालं, खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून. फँटसी वर्ल्डमध्ये तीन जीव मिळाले आणि वस्तूंची यादी पडद्यावर येऊन हवी ती निवडता येऊ लागली. बदल एवढासाच, पण त्यामुळे खेळ माणसात आला.

एक खोड मात्र राहिलीच. उडी मारली की डिझी कोलांट्या घेतो आणि टेकल्यावरही घरंगळत जातो. मध्येच थांबवता येत नाही. कोडं सुटलेलं असतं, वस्तू खिशात असते, आणि तरी अंडं पाण्यात जातं. शिवाय तीस नाणी गोळा करायची असतात. हा भाग मला कधीच गोड लागला नाही.

'हेड ओव्हर हील्स'ची जात वेगळी. जॉन रिटमनने प्रोग्रॅम लिहिला, बर्नी ड्रमंडने चित्रं काढली, मँचेस्टरच्या ओशन कंपनीने बाजारात आणला. खोल्या तिरक्या कोनातून दिसतात, एकेक खोली म्हणजे एकेक कोडं, आणि अशा तीनशेच्या वर खोल्या. पात्रं दोन. हेड उंच उडतो, हवेत तरंगत वळतो आणि डोनट फेकून शत्रूंना जागीच गोठवतो. हील्स भराभर पळतो आणि बॅगेतून वस्तू नेऊ शकतो. सुरुवातीला दोघांची ताटातूट झालेली असते, म्हणजे बराच वेळ तुम्ही अर्ध्याच प्राण्याने खेळता. ज्या खोलीत ते भेटतात तिथे हेडला हील्सच्या डोक्यावर चढवायचं, आणि एका झटक्यात दोघांचे गुण एकत्र येतात. मग आधी अशक्य वाटलेल्या खोल्या आठवायला लागतात. डिझीमध्ये असा क्षण मला कधी मिळाला नाही.

आणि चक्रमपणा! डालेकच्या ('डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतल्या यंत्रासारख्या शत्रूच्या) धडावर तेव्हाचा राजपुत्र चार्ल्स याचं डोकं लावलेले पहारेकरी फिरत असतात. का, ते विचारायचं नाही.

चुकीची शिक्षा इथे जास्त विचारपूर्वक ठरवलेली आहे. वाटेत मासा सापडतो. तो खाल्ला की तिथवरची प्रगती राखली जाते आणि सगळे जीव संपले तरी तिथून पुढे चालू करता येतं. फक्त मासा वळवळत असला पाहिजे. निपचित पडलेला खाल्लात तर जीव जातो. मासळीबाजारात वाढलेल्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

अडचण आहे ती तिरक्या कोनाची. वस्तू जमिनीवर आहे की हवेत, हे सावलीशिवाय कळत नाही, त्यामुळे पहिला तासभर कडमडण्यात जातो. स्पेक्ट्रमवर प्रत्येक खोली जवळजवळ एकरंगी दिसते, कारण त्या मशीनवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग बसतात. रंग हवेच असतील तर अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी या त्याच काळातल्या दुसऱ्या संगणकाची आवृत्ती बघा.

'नाइट लोर'चं (१९८४) नाव कोणी ना कोणी सुचवेलच. तिरक्या कोनाच्या या शैलीला वळण त्यानेच लावलं, रात्र झाली की नायकाचा लांडगा होतो ही कल्पनाही झकास. पण खोलीत हलणाऱ्या गोष्टी वाढल्या की तो रेंगाळतो, आणि ४० दिवसांची मुदत डोक्यावर असते. अर्धा तास बघावा, मान द्यावा, बंद करावा.

खेळायला जुनं यंत्र लागत नाही. भारतात १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकला होता, पण आता तो कुणाच्या माळ्यावर चालू स्थितीत सापडणं कठीण. इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) हवं तिथे खेळ साठवून ठेवता येतो, आणि डिझीसाठी ती सोय मी बिनदिक्कत वापरतो. हेड ओव्हर हील्समध्ये ती टाळा, नाहीतर माशाची सगळी गंमतच जाते.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून रविवारची दुपार काढायची असेल तर फँटसी वर्ल्ड डिझी. एकट्याने, वही-पेन्सिल घेऊन, महिनाभर रोज रात्री थोडं थोडं खेळायचं असेल तर हेड ओव्हर हील्स. नकाशा पहिल्या दिवसापासून काढा. मी तो विसाव्या खोलीनंतर सुरू केला आणि सगळं पुन्हा चालून आलो.